चौथ्या नंबरचा फोटो

नागपूर,
९ जानेवारी १९८३

प्रिय शालिक,

तुझं लग्न ठरल्याची बातमी तुझ्या पत्राच्या आधीच येऊन पोचली. जलालखेड्याचा माणूस बर्डीवर कापड घ्यायला आला, की अर्ध्या नागपूरला सांगून जातो. मुलगी नरखेडची, नाव सुभद्रा, मॅट्रिक झालेली, आणि तू तिला पाहायला गेलास तेव्हा बशीतला चहा स्वतःच्या पँटवर सांडलास, इथपर्यंत मला सगळं माहीत आहे. बाकीचं तू लिही. मनापासून आनंद झाला रे. एक्स्चेंजमध्ये पेढे वाटले. दिवसभर लोकांचे ट्रंककॉल जोडून देते, पण आपल्या घरी फोन नाही म्हणून हा कागद.

आता मुद्द्याचं. मी यायचं की नाही?

मी आणि गिरिधरने कोर्टात लग्न केलं त्याला येत्या पावसाळ्यात सात वर्षं होतील. जात वेगळी, आणि त्यात बापूजींनी काटोलच्या लोकांना शब्द देऊन ठेवलेला. त्यांचा राग मी समजू शकते. पण सात वर्षं? मायची भेट झाली तीही मेडिकलमध्ये, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा. बापूजी बाहेर लिंबाखाली बसून राहिले आणि मी वॉर्डात असेपर्यंत आत आले नाहीत. तू त्यांना सरळ विचार. आडून आडून विचारू नकोस, तुझ्या आडून विचारण्यात अर्धा उन्हाळा जाईल.

आणखी एक. गिरिधरचा मावसभाऊ सिंगापूरहून आला, त्याने याला एक इलेक्ट्रॉनिक फ्लॅश दिला. साबणाच्या डबीएवढा. आत सेल घालायचे, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, लाल दिवा लागला की बटण दाबायचं. बल्ब बदलायची भानगड नाही. कोराडीला दिवसभर वीज तयार करून हा माणूस दमत नाही, घरी येऊन पुन्हा भिंतीवर वीज पाडत बसतो. आमच्याकडे कॅमेराच नाही, ते सोड.

त्यावरून बापूजींचा डबा कॅमेरा आठवला. सकाळी दहाला अंगणात उभं करायचे, ऊन तोंडावर, आणि वर "डोये उघडे ठेवा!" आपल्या सगळ्या खानदानाचे फोटोत डोळे मिटलेले. माझा एकही फोटो नाही ज्यात मी चिंचेचं बोटुक चावल्यासारखी दिसत नाही. तरी तो खटका वाजायचा तेव्हा किती भारी वाटायचं! कॅमेरा आहे का अजून?

वाट पाहते.

ताई

*

जलालखेडा,
२४ जानेवारी १९८३

ताई,

तुला नमस्कार, भाऊजींना नमस्कार, आणि चहाची बातमी ज्याने दिली त्याला नमस्कार नाही.

तुझं ऐकून सरळ विचारलं. बापूजी बागेत संत्र्याच्या झाडांना टेकू लावत होते. म्हटलं, ताईले लग्नाले बोलवाचं का? त्यांनी बांबू ठोकून पुरा केला, हात झटकले आणि म्हणाले, "लगन घरचं हाय. येणाऱ्याले कोनी नाई म्हनत नाई." मी म्हटलं, म्हणजे बोलवू? "मी काय सांगतलं तुले?" एवढं बोलून दुसरा बांबू घेतला.

माझ्या मते हा होकार आहे. माय म्हणते, होकारच आहे, त्यांचा असाच असतो.

मायला तुझ्या फ्लॅशचं सांगितलं आणि पस्तावलो. तिने तेव्हापासून एकच धरून ठेवलं आहे, लग्नानंतर घरात सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा. "फोटोवाला मांडवात काढीन तो येगळा. मले माह्या घरातले माहे लोक एका जागी पाह्यजे." तिचे डोळे आता बरे आहेत, तरी ती बोलते असं, की उद्याच जायचे आहेत.

कॅमेरा आहे. पत्र्याच्या पेटीत, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेला. तू गेलीस त्या वर्षी बापूजींनी ठेवून दिला, त्यानंतर कोणाचा फोटो काढला नाही. मी उचलून पाहिला तर मागच्या लाल काचेत ४ आकडा दिसला. म्हणजे आत रोल आहे, तीन फोटो काढून झालेले, पाच शिल्लक. कशाचे तीन ते कोणाला आठवत नाही. बापूजींना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

एक अडचण आहे. फ्लॅश लावायला या डब्यावर जागाच नाही. ना खाच, ना वायर घालायला भोक. भाऊजींची वस्तू आणि बापूजींची वस्तू, दोघींचं जमायचं कसं ते भाऊजींनाच विचार.

शालिक

*

नागपूर,
१२ फेब्रुवारी १९८३

प्रिय शालिक,

"येणाऱ्याले कोनी नाई म्हनत नाई." असं आपण गावजेवणाबद्दल बोलतो. मी पोटची मुलगी आहे. राग आला, खोटं कशाला लिहू. दोन दिवस ठरवलं होतं, नाहीच जायचं. मग गिरिधर म्हणाला, भावाचं लग्न आहे, बापाशी भांडण भावाच्या अक्षतांवर कशाला काढतेस. त्याचं बरोबर असलं की मला जास्त राग येतो.

येते. पण तुला आधी सांगून ठेवते. मी फक्त एका शब्दासाठी येते आहे. बापूजी माझ्याशी एक शब्द बोलले, मग तो शिवी का असेना, तर माझं माहेर आहे. नाही बोलले, तर मी पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही. मायला हे सांगू नकोस.

आता फोटोचं. तुझं पत्र वाचून गिरिधरचे डोळे चमकले. तो म्हणतो, फ्लॅश कॅमेऱ्याला लावायचाच कशाला? खोलीत पूर्ण अंधार करायचा. त्या डब्याला वर एक पट्टी असेल, ती ओढून खटका दाबला की डोळा उघडा राहतो आणि दुसऱ्यांदा दाबला की मिटतो. अंधारात डोळा उघडा राहिला तरी फिल्मवर काहीच उमटत नाही. मग दुसऱ्या कोणी हातात फ्लॅश धरून एकदा चमकवायचा. तेवढ्या उजेडात फोटो होतो. लगेच खटका दाबून डोळा मिटायचा. म्हणजे एकाचा कॅमेरा, एकाचा फ्लॅश आणि मधे अंधार. तू नवरदेव, तू फोटोत हवासच, तर तू खटका दाबून अंधारात चालत जाऊन तुझ्या जागेवर बसायचं. वाटेत कोणाच्या पायावर पाय देऊ नकोस.

फक्त एक लक्षात ठेवायचं म्हणतो. डोळा मिटायच्या आधी दुसऱ्यांदा फ्लॅश चमकला, तर एकाच फोटोवर दोन फोटो बसतात आणि सगळं वाया. आणि सहा-सात फुटांच्या पलीकडे कोणी बसायचं नाही, या कॅमेऱ्यात काही कमीजास्त करता येत नाही, माणसांनीच जवळ यायचं.

रोल मात्र जुना झाला आहे, तो काढून नवा घाल.

ताई

*

जलालखेडा,
३ मार्च १९८३

ताई,

असं लिहू नये. पायरी चढणार नाही वगैरे. मी पत्र वाचलं आणि मायने विचारलं, काय लिहिते, तर मी म्हटलं, तुझ्यासाठी पातळ आणते आहे. आता पातळ आण.

रोल बदलायला गेलो आणि सापडलो. बापूजी दारात उभे. "काय करून राहिला गा?" म्हटलं, जुना रोल काढतो, भाऊजी म्हणतात खराब झाला असेल. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. "रोल पुरा झाल्याबिगर डबा उघडाचा नाई. तुले किती खेपा सांगतलं?" मला हे त्यांनी शेवटचं सांगितलं तेव्हा मी सातवीत होतो. तुला आठवतं ना, दिवाळीचे फोटो आपण होळीला पाहायचो, कारण रोलमध्ये दोन शिल्लक असायचे. पाव्हणे गेले, म्हातारे गेले, वासरांची गाई झाली, पण रोल संपल्याशिवाय धुवायला जायचा नाही.

तर त्याच रोलवर काढायचा आहे. आला तर आला.

मग मी भाऊजींची युक्ती सांगितली. सगळं ऐकून घेतलं. अंधार, खटका, फ्लॅश. माझी खात्री होती, म्हणतील फोटो उन्हाचा असतो, हे काय नाटक. पण त्यांनी एवढंच विचारलं, "त्या उजेडानं डोयाले तरास होत नाई ना?" मी म्हटलं, मायच्या? तर निघून गेले. डबा स्वतःच्या खाटेखाली ठेवला आहे.

ते फोटोला बसतील का, हे मी विचारलं नाही. माय म्हणते, बसवते.

ये. पातळ विसरू नकोस.

शालिक

*

नागपूर,
१६ मे १९८३

शालिक,

आम्ही नीट पोचलो. सुभद्रा गोड आहे, तिला सांग. लग्नात सगळं छान झालं. हे तुझ्यासाठी लिहिलं, पुढचं माझ्यासाठी.

चार दिवस मी त्या घरात होते. बापूजी गिरिधरला म्हणाले, "पाव्हणे, पाणी घ्या." पाव्हणे, जेवून घ्या. पाव्हणे, तिकडे सावली आहे. ठीक आहे, सात वर्षांत तेवढं तरी. मला काही नाही. मी समोर वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरला, तोही न बघता. मी विहिरीवर गेले तर ते बागेत, मी बागेत तर ते विहिरीवर. सगळ्या बाया पाहत होत्या.

मग शेवटच्या दुपारी तो फोटो. तू तर होतासच, पण तुला खटक्याचीच काळजी होती, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते. मधल्या खोलीची दारं लावली, खिडकीला पोतं, फटीत चिंध्या. मायने जागा लावल्या. सुभद्राला स्वतःजवळ घेतलं, तुझी जागा तिच्याशेजारी, आणि मला खाटेच्या टोकाला बापूजींच्या बाजूला. मायने ते मुद्दाम केलं हे आंधळ्यालाही कळलं असतं. बापूजी उठले नाहीत. मला वाटलं, झालं, आता होईल.

तू खटका दाबलास, ठेचकाळत येऊन बसलास. काळाकुट्ट अंधार. मी आणि ते, हातभर अंतर. त्यांचा श्वास ऐकू येत होता, अंगाला तोच तंबाखूचा आणि संत्र्याच्या सालीचा वास. मी लहानपणी त्या वासावर झोपायचे. मला म्हणायचं होतं, बापूजी, मी आले. दिवा नव्हता, कोणी पाहणार नव्हतं, तरी तोंडातून शब्द फुटला नाही. मीही त्यांचीच मुलगी आहे.

मग फ्लॅश. डोळ्यांपुढे हिरवे-निळे गोळे, काही दिसेना. आणि मायची आरोळी, "आवो जावईबापू, माहे डोये मिटले, आनखी एक मारा!" तू खटक्याकडे जायला उठतो आहेस तोवर गिरिधरने दुसऱ्यांदा चमकवला. तुला वाटलं तो थांबेल, त्याला वाटलं तू खटका दाबला असशील. दोघंही शहाणे! एवढं पत्रात लिहून कळवलं होतं.

दारं उघडली तेव्हा बापूजी उठून उभे होते. भिंतीकडे पाहून म्हणाले, "फिलम वाया गेली." पाव्हण्यांशी बोललेलं सोडलं, तर चार दिवसांत माझ्यासमोर निघालेलं तेवढंच वाक्य, आणि तेही फिल्मसाठी.

मी तुला फेब्रुवारीत लिहिलं होतं ते लक्षात असेल. राग तुझ्यावर नाही. पण मी आता येणार नाही.

ताई

*

जलालखेडा,
५ जून १९८३

ताई,

तुझं पत्र गोठ्यात बसून वाचलं. काय लिहू?

चूक माझी की भाऊजींची यावर माय आणि सुभद्रा रोज चर्चा करतात. माय स्वतःला सोडून सगळ्यांना धरते. तिनेच आरोळी मारली हे तिला आठवतच नाही. तुझं पातळ मात्र रोज पेटीतून काढून पाहते.

तुला सांगायचं म्हणजे, बापूजींनी परत फोटो काढायला सुरुवात केली आहे. तुम्ही गेल्यावर आठवड्याने डबा घेऊन अंगणात आले आणि सुभद्राला म्हणाले, उभी राहा. बिचारी घाबरली. ऊन तोंडावर घेऊन उभी राहिली, डोळे मिटले, शिंकली आणि त्यातच खटका वाजला. आता लाल काचेत सहा आहे. मला वाटतं, नवी सून आली म्हणून त्यांचा जुना शौक परत आला. घरात जरा हलकं वाटतं आहे. तुझ्याशिवाय हलकं वाटतं असं नाही, चुकीचं वाचू नकोस.

भाऊजींना सांग, मी कान पकडले.

शालिक

*

नागपूर,
२१ ऑगस्ट १९८३

शालिक,

राखी सोबत आहे. इकडे पाऊस बरा. माझी ड्यूटी सकाळची झाली. गिरिधर ठीक.

मला कॅमेऱ्याबद्दल लिहीत जाऊ नकोस. नव्या सुनेचे फोटो निघतात याचा मला आनंदच आहे, पण तो मला पत्रातून सांगायची गरज नाही.

मायला डोळ्यांत थेंब घालायला लाव.

ताई

*

जलालखेडा,
२० ऑक्टोबर १९८३

ताई,

राखी बांधली, रंग गेला तरी काढली नाही. तू नाही म्हटलं आहेस तरी कॅमेऱ्याबद्दल लिहितो. नंतर पाहिजे तेवढं रागाव.

रोल संपला. सहावा आणि सातवा फोटो बैलांचे, पोळ्याला. आठवा मायचा, तुझं पातळ नेसवून, परवा दसऱ्याला. मी आधी लिहिलं ना की जुना शौक परत आला म्हणून? माझी समजूत चुकली. त्यांना फोटो काढायची हौस नव्हती, त्यांना रोल संपवायचा होता. आठवा काढला आणि तसेच आत गेले. दार लावून, पांघरुणात हात घालून रोल काढला, काळ्या कागदात गुंडाळला, वर सुतळी. मला म्हणाले, "नरखेडले देऊ नको. नागपूरले धुवायले दे."

मी म्हटलं, मी येत्या मंगळवारी संत्र्याच्या गाडीबरोबर जातोच आहे, कोणत्या स्टुडिओत देऊ? तर म्हणाले, "स्टुडिओत काहून? तिच्या हाती दे."

मी म्हटलं, कोणाच्या? मला त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकायचं होतं. नाही घेतलं. "तुले मालूम नाई का?" असं म्हणून उठले. पण ताई, नाव घेतलं नाही तरी तूच ना ती?

मंगळवारी एक्स्चेंजवर येतो. बाहेर ये, भांडू नकोस.

शालिक

*

नागपूर,
१३ नोव्हेंबर १९८३

प्रिय शालिक,

दिवाळीत लिहायला हवं होतं, पण फोटो काल मिळाले आणि मी कालपासून दुसरं काही केलेलं नाही.

स्टुडिओवाला आधीच म्हणाला होता, फिल्म फार जुनी आहे, आशा ठेवू नका. सगळ्या फोटोंवर धुरकट पांढरं आलं आहे. पण आले आहेत. सगळे आले आहेत.

पहिले तीन कशाचे, तुम्हा कोणाला आठवत नव्हतं ना? तिन्ही माझे आहेत. एकात मी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसले आहे. दुसऱ्यात मायबरोबर मिरच्या वाळत घालते आहे. तिसऱ्यात जलालखेड्याच्या स्टँडवर, हातात वळकटी, नागपूरला नोकरीवर रुजू व्हायला निघाले तो दिवस. तिन्हीत डोळे मिटलेले. बापूजींना आठवत नव्हतं यावर माझा विश्वास नाही. सात वर्षं त्या डब्यात मी होते, आणि ते डबा कोणाला उघडू देत नव्हते.

आता चौथा. स्टुडिओवाल्याने बाजूला काढून ठेवला होता. म्हणाला, बाई, हा वाया गेला, एकावर एक बसलाय, याची प्रत काढू का? मी म्हटलं, सर्वांत मोठी काढा.

शालिक, तू त्यात दोन आहेस. एक बसलेला, एक अर्धवट उठलेला, आणि उठलेल्याच्या पोटातून सुभद्राचा खांदा दिसतो. माय एकात डोळे मिटून, दुसऱ्यात तोंड उघडून ओरडते आहे, म्हणजे मीच बरोबर होते, तिला दाखव. मी दोन्हीत मूर्तीसारखी समोर बघते आहे.

आणि बापूजी. एका धडाला दोन डोकी. एक सरळ, मिशी ताठ, कॅमेऱ्याशी भांडण असल्यासारखं. हे पहिल्या उजेडातलं. दुसरं डोकं वळलेलं आहे. माझ्याकडे. फोटो झाला, आता अंधार आहे, कोणाला दिसणार नाही, असं समजून ते वळले असतील. त्यांचा चेहरा कसा आहे ते मला लिहिता येत नाही. मी तो चेहरा शेवटचा स्टँडवर पाहिला होता, कॅमेरा खाली घेतल्यावर. आणि त्यांचा उजवा हात उचललेला आहे. माझ्या तोंडाजवळ, वीतभर लांब. मला त्याची काही खबरच नव्हती.

गिरिधरला दाखवला तर त्याने तो खिडकीशी नेऊन पाहिला. मग म्हणाला, मी पाहिलं होतं. दुसऱ्यांदा चमकलं तेव्हा क्षणभर दिसलं. भास झाला असेल म्हणून बोललो नाही. सहा महिने! मी त्याच्याशी अर्धा तास भांडले आणि मग रडले.

पण शालिक, तो हात कशासाठी? मी इतक्या वेळा पाहिला की आता कळेनासं झालं. कधी वाटतं डोक्यावर ठेवायला निघालाय. पण तो डोक्यापेक्षा खाली आहे. कधी वाटतं थोबाडीत द्यायची होती, अंधाराचा मोका साधून. हसू नकोस, आपल्या बापाचं काही सांगता येत नाही. मला खरं हवं आहे. आशीर्वाद असेल तर आशीर्वाद, चापट असेल तर चापट. मी खोटी समजूत करून घेऊन माहेरी येणार नाही.

एक प्रत पाठवते आहे. त्यांच्यासमोर ठेव आणि सरळ विचार.

ताई

*

जलालखेडा,
२७ नोव्हेंबर १९८३

चि. प्रेमिला,

शालिकने फोटो दाखवला आणि तुझा प्रश्न वाचून दाखवला. तो उत्तर लिहायला बसला होता, मी कागद काढून घेतला. मला लिहायची सवय राहिली नाही, अक्षर लावून घे.

फोटो खरा आहे. दोन्ही तोंडं माझीच आहेत.

हात आशीर्वादाचा नव्हता. आशीर्वाद द्यायचा असता तर मांडवात, चारचौघांत दिला असता. मारायचाही नव्हता. तू तीन-चार वर्षांची होती तेव्हा खालच्या वावरातली विहीर खोदणं चालू होतं. खडक लागला, म्हणून सुरुंग लावायचे. तू ऐकायची नाही, माझ्यामागे वावरात यायची. बार उडायचा तेव्हा मी तुला पोटाशी घ्यायचो आणि तुझे डोळे हाताने झाकायचो, माती जाऊ नये म्हणून. तू दचकायची. तुझ्या पापण्या माझ्या हाताला लागायच्या. तुला ते आठवत नसेल.

त्या दिवशी पहिला उजेड पडला आणि तू दचकली. खाट हलली, म्हणून मला कळलं. मग हात गेला. मी नेला नाही, तो गेला. सात वर्षांत त्याची सवय मोडली होती म्हणून पोचायला वेळ लागला, तेवढ्यात दुसरा उजेड आला. दुसरा येणार हे माहीत असतं, तर मी हात उचलला नसता, हेही खरं लिहितो. उजेडात मला ते जमलं नसतं.

फिल्म वाया गेली असं मी म्हणालो, कारण ती धुतली की काय दिसेल हे मला तेव्हाच समजलं होतं. मग विचार केला, दिसू दे. तोंडाने सांगायचं ते मला सांगता आलं नसतं. म्हणून रोल संपवला आणि तुझ्याकडे पाठवला.

तू माझ्याकडून एक शब्द मागितला होता, असं शालिक आज म्हणाला. मला कोणी आधी सांगितलं नाही. हे इतके लिहिले आहेत.

माघात संत्री उतरवायची आहेत. घरी ये. डब्यात नवा रोल घातला आहे. मधल्या खोलीत पुन्हा अंधार करू. मी शालिकला म्हटलं, त्या फोटोत घरातला एक माणूस नाही, तो उजेड धरून बाहेरच उभा राहिला. तो फ्लॅश कसा दाबायचा ते मला शिकवा. या खेपेला तो मी धरतो, जावईबापूंना तुझ्याशेजारी बसू दे.

रुपराव